स्ट्रायकर कुठे थांबतो : इंदूरच्या रामबागेतल्या एका कॅरमबोर्डावरच्या प्रकल्प नोंदी

रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

ओजसला अकरावीचा भौतिकशास्त्राचा प्रकल्प २० डिसेंबरला दाखवायचा आहे. विषय त्यानेच आणला, घर्षण. प्रयोगवहीत घर्षणाचा एक प्रयोग आहेच. लाकडी ठोकळा, कप्पी, पारडं. पारड्यात वजनं टाकत जायची आणि ठोकळा हलला की आकडा लिहायचा. पण तो स्थितिक घर्षणाचा, ठोकळा जागचा हलेपर्यंतचा. हलल्यावर पुढे त्याचं काय होतं ते वही विचारत नाही. आम्ही ते विचारायचं ठरवलं.

बी.एस्सी.ला माझं फिजिक्स होतं, नंतरची बावीस वर्षं लोकांचे हिशेब लिहिण्यात गेली. म्हणून नोंदी माझ्याकडे, आकडेमोड ओजसकडे.

पुस्तकातल्या दोन ओळी त्याला पाठ आहेत. गतिज (घसरतानाचं) घर्षण बल = म्यू × लंब प्रतिक्रिया. म्यू म्हणजे घर्षणाचा गुणांक, लंब प्रतिक्रिया म्हणजे पृष्ठभागाने वस्तूला दिलेला काटकोनातला रेटा. सपाट पृष्ठभागावर लंब प्रतिक्रिया म्हणजे वस्तूचं वजनच, म्हणून मंदन (वेग कमी होण्याचा दर) = म्यू × जी (गुरुत्वाचं त्वरण, ९.८). मी विचारलं, "मग दुप्पट जड वस्तू त्याच वेगाने सोडली तर आधी थांबेल की नंतर?" पठ्ठ्या लगेच म्हणाला, "आधी. जास्त घासेल ना, मावशी." सूत्रात वस्तुमान दोन्हीकडून कटलंय हे दोन मिनिटांपूर्वी त्यानेच लिहून दाखवलं होतं! तेव्हा प्रकल्प सापडला.

घसरणारी वस्तू शोधायला लांब जावं लागलं नाही. अण्णांचा कॅरम दिवाणखान्यातच असतो. अण्णांची परवानगी एका अटीवर मिळाली: बोर्ड पुसायचा नाही. पावडर त्यांच्या हाताने "बसवलेली" आहे.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

स्ट्रायकरचं वजन हवं होतं. घरचा किचनचा काटा ग्रॅमाच्या खाली बोलत नाही. ऑफिसातून येताना सराफ्यात ओळखीच्या पेढीवर गेले. पेढीवाल्यांनी स्ट्रायकर सोन्याच्या काट्यावर ठेवला, १४.८ ग्रॅम. नियमाने जास्तीत जास्त १५ चालतो, म्हणजे अण्णांचा स्ट्रायकर कायद्यात आहे. "आज भाव काय धरू?" असं त्यांनी विचारलं. तोवर बाहेर सराफ्याची दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागायला लागल्या होत्या, त्यामुळे घरी पोचायला अपेक्षेपेक्षा एक तास उशीर झाला. त्या तासाचा प्रकल्पाशी संबंध नाही.

शनिवार, ३० नोव्हेंबर

मांडणी. दिवाणखान्यात जुन्या झोपाळ्याच्या दोन कड्या अजून छताला आहेत. त्यांना आडवा बांबू बांधला आणि ओजसचा फोन कॅमेरा खाली करून त्यावर बसवला. बोर्डाच्या कडेला स्टीलची फूटपट्टी चिकटवली, म्हणजे चित्रात माप तिथल्या तिथे. फोन स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० फ्रेम घेतो. प्रत्येक २४ फ्रेमनंतर, म्हणजे दर ०.१ सेकंदाला, स्ट्रायकरची पुढची कड कुठे आहे ते वाचायचं.

संध्याकाळी घेतलेले सगळे व्हिडिओ वाया. ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा उजळते-मंदावते, डोळ्यांना कळत नाही पण २४० फ्रेमवाल्या कॅमेऱ्याला कळतं. प्रत्येक चित्रात काळे पट्टे सरकताहेत. उद्या सकाळी अकराच्या उन्हात घेऊ.

रविवार, १ डिसेंबर

पोहे-जिलबी आटोपून अकराला सुरुवात. खिडकीतून ऊन सरळ बोर्डावर. चौदा फटके घेतले, सगळे ओजसने बोटाने मारलेले.

दुपारी त्याने म्यूची पहिली किंमत काढली: ०.००२. मी म्हटलं, बाबा रे, बर्फावर घसरणाऱ्या वस्तूचा म्यूसुद्धा ०.०२ च्या आसपास असतो, अण्णांचा बोर्ड काय बर्फाच्या दहापट गुळगुळीत आहे? चूक सापडायला तासभर गेला. स्लो मोशनचा व्हिडिओ फोनवर सेकंदाला ३० फ्रेमने चालतो, म्हणजे आठपट हळू. ओजसने व्हिडिओवर दिसणारा वेळ खरा धरला होता. वेळ आठपट मोठी झाली, आणि मंदनात वेळेचा वर्ग येतो, म्हणून उत्तर चौसष्टपट लहान. आठवर थांबली असती तर चूक कदाचित पचलीही असती.

फोन खरंच २४० फ्रेम घेतो की उगाच सांगतो, तेही तपासलं. माझ्या फोनवर स्टॉपवॉच चालू करून त्याचा व्हिडिओ घेतला. दहा सेकंदांत २४०० फ्रेम भरल्या. फोन खरं बोलतो.

आता वेळ सुधारून पुन्हा तक्ते केले, आणि नवीच भानगड. मंदन स्थिर असेल तर दर ०.१ सेकंदात कापलेलं अंतर प्रत्येक वेळी सारख्याच मापाने कमी व्हायला हवं. आमचा एक फटका असा निघाला (सेंटिमीटरमध्ये): ८.७, ८.१, ७.५, ६.९, ६.२, ५.५, ४.८, ४.०, ३.२, २.४, १.६, ०.८. घट आधी ०.६, मध्ये ०.७, शेवटी ०.८. म्हणजे स्ट्रायकर जसा हळू होतोय तसं घर्षण वाढतंय? दुसऱ्या फटक्यात घट १.१ च्या आसपास, तिसऱ्यात १.३. एकच स्ट्रायकर, एकच बोर्ड, एकच दुपार. ओजसचं मत, "सूत्रच चुकीचं असेल." सूत्र तीनशे वर्षं टिकलंय, आपला प्रयोग आठवड्याचा आहे, एवढंच मी म्हटलं.

बुधवार, ४ डिसेंबर

काही झालं नाही. ओजसची चाचणी, माझं महिनाअखेरचं काम अजून संपेना.

शनिवार, ७ डिसेंबर

चंपाषष्ठी. घरात खंडोबाचा नैवेद्य, वांग्याचं भरीत आणि रोडगे. चार महिने वांगं न खाल्लेले अण्णा जेवून खुशीत होते, म्हणून त्यांना १ तारखेचे व्हिडिओ दाखवले. त्यांनी तो लांब गेलेला, ६० सेंटिमीटरचा फटका दोनदा पाहिला. म्हणाले, "हा फिरून राहिलाय ना. फिरवून मारलेला स्ट्रायकर लांब जातोच. मग तुम्ही काय मोजून राहिलात?"

आम्ही आठवडाभर स्ट्रायकरची कड मोजत होतो. गोल वस्तू स्वतःभोवती फिरतेय की नाही, ते कडेवरून कळणार कसं?

रविवार, ८ डिसेंबर

स्ट्रायकरवर काळ्या मार्करने मध्यातून एक रेघ ओढली. (अण्णांनी ते पाहिलं, बोलले नाहीत.) ओजसने बोटाने मारलं की रेघ पंख्यासारखी फिरते, सुरुवातीला सेकंदाला पंधरा-एक फेरे. मी मारलं तरी फिरतेच, फक्त उलट्या बाजूला.

हे का होतं ते कागदावर मांडायला दुपार गेली, पण गेली ती कामी आली. घर्षण नेहमी घासण्याच्या दिशेच्या उलट असतं. स्ट्रायकर न फिरता सरळ जातो तेव्हा त्याच्या तळाचा प्रत्येक बिंदू पुढेच घासतो, प्रत्येक बिंदूवरचं घर्षण मागे ओढतं, आणि सगळं मिळून म्यू × वजन पूर्ण भरतं. स्ट्रायकर फिरत असेल तर डावी कड पुढे घासते, उजवी मागे, वरची-खालची आडवी. प्रत्येक बिंदूवर घर्षण तेवढंच, पण दिशा वेगवेगळ्या. बरंचसं एकमेकांत जिरतं आणि फिरकी मोडण्यात खर्च होतं. स्ट्रायकरला मागे खेचायला उरतं त्याचा एक हिस्सा. फिरकी जितकी जास्त, तितका तो हिस्सा लहान. फिरकी मोडत गेली की हिस्सा वाढतो. आमचं ०.६, ०.७, ०.८ म्हणजे हेच. सूत्र बरोबर होतं, आम्हीच त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो.

याचा एक निष्कर्ष मला फार आवडला. पुढे जाणं आणि गोल फिरणं, दोन्ही एकाच क्षणी संपायला हवं. कारण फिरणं आधी संपायला लागलं तर पुढचा वेग पूर्ण घर्षणाच्या तावडीत येतो आणि झपाट्याने पडतो. पुढे जाणं आधी संपायला लागलं तर खेचणारा हिस्सा लहान होत जातो आणि ते लांबतं. दोघं एकमेकांसाठी थांबतात. व्हिडिओची शेवटची फ्रेम काढून पाहिली: रेघ थांबली आणि कड थांबली, मध्ये दोन-तीन फ्रेमचाही फरक नाही. ओजसने ती फ्रेम सात वेळा मागे-पुढे केली.

अण्णांना समजावून सांगितलं. "बरोबर," ते म्हणाले, जणू मीच पाठ म्हणून दाखवत होते.

आता न फिरणारा फटका हवा. पट्टीने ढकललं, तिरकं गेलं. डस्टरने ढकललं, तेच. शेवटी अण्णाच म्हणाले, "स्ट्रायकरने स्ट्रायकर मार." सरळ मधोमध टक्कर झाली की मारणारा जवळजवळ तिथेच थबकतो आणि समोरचा त्याचा वेग घेऊन निघतो, पण त्याची फिरकी घेत नाही. दोन गुळगुळीत कडा क्षणभरच भिडतात, त्यात फिरवण्याइतकी पकड नसते. रेघ सरळच्या सरळ राहिली. आता आठापैकी सहा फटके स्वच्छ येतात.

तरी एक फरक उरला. खिडकीकडे मारलं तर मंदन १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग, दाराकडे मारलं तर १.३. हा फरक मात्र मला लगेच ओळखू आला, बोर्डाखालचं स्टूल कलतं आहे. दोघांची सरासरी १.४ हे घर्षणाचं, आणि फरकाचा अर्धा, ०.१, उताराचा. ०.१ भागिले ९.८ म्हणजे सुमारे शंभरास एक. ७४ सेंटिमीटरच्या बोर्डाला सात-साडेसात मिलिमीटर. खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या मिस्त्रींकडून लेव्हल मागून आणली, बुडबुडा खरंच सरकलेला. पुठ्ठ्याच्या घड्या पायाखाली सारल्या.

मग आलेला फटका इथे पूर्ण लिहून ठेवते: ११.२, १०.०, ८.५, ७.०, ५.७, ४.४, २.८, १.५, आणि पुढे दोन-तीन मिलिमीटर सरकून थांबला. घट १.२ ते १.६ च्या दरम्यान हेलकावते, पण ती वाढतही नाही आणि कमीही होत नाही. वाचताना एक मिलिमीटर इकडे-तिकडे होतोच, त्याचा हा हेलकावा. सरासरी १.३९ सेंटिमीटर, तिला ०.१ सेकंदाच्या वर्गाने भागलं की मंदन १.३९ मीटर प्रति सेकंद वर्ग. ९.८ ने भागलं. म्यू ०.१४.

ओजस विचारतो, इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, जी ९.८ च धरायचा का? खरा ९.७९ च्या आसपास येतो. आमच्या मिलिमीटरच्या चुकीपुढे तो फरक म्हणजे लग्नाच्या पंगतीत मोजलेली शेंगदाण्याची डाळ.

शनिवार, १४ डिसेंबर

वस्तुमानाचा दिवस. दहा रुपयांचं नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं असतं आणि २७ मिलिमीटर रुंद, स्ट्रायकरवर छान मावतं. दोन नाणी दुहेरी चिकटपट्टीने एकावर एक बसवली. सराफ्याच्या काट्यावर टेपसकट ३०.४ ग्रॅम, म्हणजे दुपटीपेक्षा जरा जास्त. (पेढीवाल्यांनी आज भाव विचारला नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं.)

फटक्याआधी ओजसकडून अंदाज कागदावर लिहून घेतला. "जड: मंदन जास्त, निदान थोडं तरी." सूत्र माहीत असून लिहिलं, हे मला आवडलं, जे खरंच वाटतं तेच त्याने लिहिलं.

नाण्यांसकट पाच फटके: १.३७, १.४२, १.४०, १.३६, १.४१. नाण्यांशिवाय पाच: १.३९, १.४१, १.३५, १.४२, १.३८. ओजसने सरासरी काढली, १.३९ आणि १.३९, आणि "मावशी, तू आकडे जुळवलेस का?" असं विचारलं. नाही जुळवले. दोन्हीत फटक्यागणिक जो हेलकावा आहे त्यात खरा फरक लपला असेलच तर तो दोन-तीन टक्क्यांच्या आतला.

त्याच्या मनातली अडचण अशी होती की जडाला जास्त घर्षण हे तर खरंच आहे. आहेच. दुप्पट वजनाने बोर्डावर दुप्पट दाब, दुप्पट घर्षण. पण थांबवायचंही दुप्पट आहे. तो फक्त पहिलं अर्धं वाक्य धरून बसला होता, आणि मला वाटतं आपण सगळेच बसतो. भरलेली हातगाडी ढकलताना जड लागते ते आठवतं, सुटल्यावर ती आवरताना लागणारा जोर वेगळ्या खात्यात जातो.

रविवार, १५ डिसेंबर

वेग. बावीस फटक्यांमधून सुरुवातीचा वेग आणि थांबेपर्यंतचं अंतर एवढंच घेतलं. ०.६ मीटर प्रति सेकंदाने निघालेला १३ सेंटिमीटरवर थांबला, १.२ ने निघालेला ५१ वर. दुप्पट वेग, चौपट अंतर. वेगाचा वर्ग आडव्या अक्षावर घेऊन आलेख काढला तर ठिपके सरळ रेषेत बसतात. रेषेचा चढ म्हणजे १ भागिले (२ × मंदन), तिथूनही म्यू ०.१४ च आला. दोन वाटांनी एका गावाला पोचलो.

१ तारखेचा तो लांब फटका ०.९ ने निघाला होता. न फिरता गेला असता तर २९ सेंटिमीटरवर थांबला असता, फिरकीने ६० गेला. तो ठिपका आलेखावर लाल रंगाने ठेवला आहे, रेषेपासून पार दूर. ओजसला तो काढून टाकायचा होता. राहू दे म्हटलं.

पुढच्या वर्षी त्याला स्कूटर हवी आहे, म्हणून त्याच आलेखाच्या मागे एक हिशेब करून दिला. कोरडा डांबरी रस्ता, चाकं जाम झाली, म्यू ०.७ धरला: ताशी ४० वर ९ मीटर, ताशी ८० वर ३६. "हे प्रकल्पात नाही ना टाकायचं?" असं त्याने विचारलं.

दुपारी अण्णा झोपले असताना आडव्या पट्ट्यात बोर्ड ओल्या फडक्याने पुसला, वाळू दिला आणि सहा फटके घेतले. मंदन थेट २.५, म्यू ०.२५. १.२ ने निघालेला २९ सेंटिमीटरमध्ये खलास. पावडर बोरिक आम्लाची असते. त्याचे स्फटिक थरांचे, एका थरावरून दुसरा सहज सरकतो. यंत्रांमध्येही ते कोरडं वंगण म्हणून वापरतात. स्ट्रायकर मग लाकडावर घासत नाही, थरांवर घसरतो. म्हणजे म्यू ना स्ट्रायकरचा, ना बोर्डाचा, दोघांच्या मध्ये जे आहे त्याचा.

अण्णा साडेचारला उठले. एक फटका मारला. पट्ट्यावर येताच स्ट्रायकर अडखळला. आज रात्रीचा डाव आमच्याशी खेळणार नाहीत.

मंगळवार, १७ डिसेंबर

ओजसला घर्षणावर क्षेत्रफळाचा परिणाम होत नाही हेही दाखवायचं होतं. काडेपेटी आडवी सरकवली, ठीक. उभी सरकवली, कोलमडली. घर्षण तळाशी ओढतं आणि पेटीचं वजन वर असतं, कोलमडणारच. हा भाग सोडला.

उष्णतेचं मात्र गणित केलं. १.२ ने निघालेल्या स्ट्रायकरची गतिज ऊर्जा ०.०१ ज्यूलच्या आसपास. ती सगळी त्याच्याच अंगात मुरली तरी तो एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढाही तापणार नाही. थांबलेल्या स्ट्रायकरला हात लावून "गरम नाही" म्हणणारा ओजस चुकला नव्हता.

गुरुवार, १९ डिसेंबर

पोस्टर. इतिहासाचा चौकोन हवाच असतो. दोन ओळी लिहिल्या: घर्षण दाबाच्या प्रमाणात असतं आणि दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं हे फ्रान्सच्या आमाँताँ यांनी १६९९ मध्ये मांडलं, घसरताना ते वेगावर फारसं अवलंबून नसतं हे कूलाँ यांच्या १७८५ च्या निबंधात आलं. विजेच्या बलाचा नियम देणारे तेच कूलाँ, हे ओजसला खरं वाटेना. लिओनार्दो दा विंची यांनी पहिल्या दोन गोष्टी आमाँताँच्या दोनशे वर्षं आधी वहीत लिहून ठेवल्या होत्या, पण छापल्या नाहीत. ओजसचं म्हणणं, म्हणजे त्यांनी प्रकल्प सबमिटच केला नाही.

क्षेत्रफळ का येत नाही, त्याचं उत्तर विसाव्या शतकातलं. कितीही गुळगुळीत पृष्ठभाग जवळून पाहिला तर डोंगरदऱ्यांचा. दोन पृष्ठभाग फक्त शिखरांवर टेकतात. वजन वाढलं की शिखरं चेपतात आणि खरा स्पर्श वाढतो, तळ कितीही रुंद असो. हे मी पोस्टरवर लिहू दिलं नाही, कारण आम्ही ते मोजलं नाही. ओजस नाराज आहे.

पोस्टरवर मोठ्या अक्षरात "म्यू = ०.१४ (अण्णांची पावडर, डिसेंबर)". कंसातला मजकूर त्याचा.

रविवार, २२ डिसेंबर

परवा सादर झालं. परीक्षकांनी लाल ठिपक्याबद्दलच विचारलं आणि बाकी आलेख पाहिला नाही, असं ओजस सांगतो. त्याने त्यांच्या टेबलावर बाटलीचं झाकण फिरवून दाखवलं. झाकण टेबलावरून खाली पडलं.

आज सकाळी अण्णांनी पूर्ण बोर्ड पुसून नवी पावडर टाकली, तासभर तळहाताने बसवली. बांबू अजून कड्यांना होता म्हणून तीन फटके घेतले. १.१९, १.१६, १.२१. म्यू ०.१२. ओजसला फोन करून सांगितलं. पोस्टर शाळेतच आहे, ते बदलता येणार नाही. अण्णांना अंगठ्याने मारलेल्या फटक्याचा व्हिडिओ हवा आहे, त्यात रेघ किती फिरते ते त्यांना बघायचंय. बांबू पुढच्या रविवारपर्यंत ठेवला आहे.